अंबूताईचा उपाय

दाजीबानपेठेत कुणाचं काही अडलं की पहिली हाक अंबूताईला. काडी सादळली? केसांत घास, पेटते. बांगडी चढेना? साबण लाव. पाहुणे हलेनात? "तीन दिवस दोन्ही वेळा उप्पीटच कर, चौथ्या दिवशी आपणच परतीच्या अळणावर गाडीची वेळ विचारतात!" असं सांगून ती स्वतःच खो खो हसायची. शेजारची दुर्गव्वा म्हणायची, "अक्का, तुमचं डोकं म्हणजे किराणा दुकानच!" सल्ला फुकटचा, पण लागू पडायचा हो! त्यानंच तर बाई शेफारली.

तिचा नवरा विठ्ठल एका कापड दुकानाच्या कट्ट्यावर मशीन टाकून कपडे शिवायचा. पंचाहत्तर सालच्या उन्हाळ्यात त्याचा उजवा डोळा लाल झाला. "दवाखाना कशाला? मध अन् कांद्याचा रस," अंबूताई म्हणाली. रोज दोन थेंब. तो कळवळायचा, तर वर हिचं, "झोंबतंय म्हणजे घाण निघतेय!" दहा दिवस त्या भल्या माणसानं मुकाट्यानं घालून घेतलं.

शेवटी डोळा उघडेचना, तेव्हा दोघं डॉक्टरकडं गेली. बुबुळावर फूल पडलं होतं. "हा गेला. दुसऱ्यालाही लागण झालीय," डॉक्टर म्हणाला. "काय घातलंत यात?"



"काही नाही साहेब," विठ्ठल म्हणाला. "धूळ गेली असंल."

घरी येऊन ती रडायला लागली. "माझं नाव का नाही घेतलंत?"

"नाव घेऊन डोळा येतोय काय?"

डॉक्टरची औषधं झाली, पण महिन्याभरात डाव्या डोळ्याचीही नजर गेली, नुसता उजेड तेवढा कळायचा. दुकानदारानं कट्ट्यावर दुसरा शिंपी बसवला, ह्याचं मशीन घरी आलं. एका दुपारी भिंतीला टेकून विठ्ठल म्हणाला, "अगं, तुला सगळ्यावर काय ना काय ठाऊक असतंय. सांग की काहीतरी."

तिच्याजवळ काही नव्हतं. आता तरी मेलीनं तोंड मिटून बसावं की नाही! पण त्याचा आशेनं वर झालेला चेहरा तिला बघवेना.

"उशी पूर्वेला करून निजा," ती म्हणाली.

तो लगबगीनं उठला. चाचपडत उशी उचलली. वीस वर्षं त्याच खोलीत राहिलेला माणूस, पश्चिमेच्या भिंतीकडं हात करून विचारू लागला, "पूर्व हीच ना गं?"

"हीच," अंबूताई म्हणाली.