पट्ट्यावरचे चेहरे

मी पार्किंगच्या खिडकीत पावत्या फाडते. संध्याकाळी निघताना नोटा ठेवून गल्ल्यातली सगळी चिल्लर घरी आणते. शेजारच्या खिडकीतली बाई हसते. म्हणते, हिच्या घरी नाण्यांचं पीक काढतात बहुतेक. हसू दे. घरी आल्यावर बाबा चिल्लर टेबलावर ओततात, एकेक नाणं उलटसुलट करून भिंगाखाली धरतात आणि नको असलेली परत पिशवीत भरतात. नको असलेली म्हणजे आजवर सगळीच.

बाबा टांकसाळीत तपासनीस होते. यंत्रातून पडलेली नाणी पट्ट्यावरून त्यांच्या टेबलापाशी यायची आणि त्यातली खराब नाणी ते उचलून बाजूला टाकायचे. डोळ्यात तेल घालून काम करणारा माणूस म्हणून सगळे त्यांना मान द्यायचे. दादाला त्यांनीच तिथं चिकटवलं, यंत्रावर. एका सकाळी दादानं यंत्र बंद करून आत हात घातला आणि बंद केलेल्या यंत्रानं आणखी एक ठोका दिला. दादाला हॉस्पिटलात नेलं. तिथून तो परत आला नाही.

मग चौकशी बसली. पोरानं हात का घातला, एवढाच प्रश्न होता. यंत्रात छाप उठवणारे दोन ठसे असतात, त्यातल्या वरच्या ठशाला एखादं नाणं अडकलं असेल तरच कुणी असा हात घालतं. पण अडकलेलं नाणं काही सापडलं नाही, आणि बाबांना विचारलं तेव्हा त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "माझ्यासमोरून एकही खराब नाणं गेलेलं नाही." झालं. काही अडकलं नव्हतं, म्हणजे मुलगा निष्काळजी होता. आई तो शब्द मनात घेऊनच गेली. मला तर अजूनही तो कुठं छापलेला दिसला की डोक्यात तिडीक जाते.

बाबा काय शोधतात ते सांगते, म्हणजे त्यांना वेड लागलंय असं वाटायचं नाही. वरच्या ठशाला नाणं अडकलं की पुढच्या कोऱ्या चकतीवर खालून नेहमीसारखा बाईचा चेहरा उठतो. वरून मात्र आकडा उठायच्या ऐवजी त्या अडकलेल्या नाण्यावरचाच चेहरा आत दाबला जातो, उलटा आणि खोलगट. नाण्याला दोन्हीकडून चेहरा, एक वर आलेला, एक आत गेलेला. शहाणी माणसं चांगल्या नाण्याकडे ढुंकून बघत नाहीत आणि असल्या चुकलेल्या नाण्यासाठी जीव टाकतात. मला हे कधी कळलंच नाही.

बाबांचा हिशेब असा होता. नाणं अगदी शेवटच्या क्षणी अडकलं. दोन-चार खराब नाणी पट्ट्यावर असतानाच दादा ओरडला. बाबा टेबल सोडून धावले, पट्टा चालूच राहिला, आणि ती नाणी कुणी न बघता पेटीत पडून जगात निघून गेली. त्यातलं एक जरी हाती लागलं, आतला चेहरा स्वच्छ, रेखीव असलेलं, तरी दादा खरा ठरला असता आणि बाबांचा शब्दही. ओळखायची खूणही होती. त्या सकाळी बसवलेल्या खालच्या ठशाला चेहऱ्याच्या कानापासून हनुवटीपर्यंत बारीक तडा होता. अपघातानंतर तो ठसाच मोडून टाकला. म्हणजे तडा असलेलं नाणं दिसलं की ते त्याच सकाळचं.

आणि बाबांना एक स्वप्न पडायचं. दुपारी खुर्चीत डुलकी लागली की दचकून उठायचे. नाण्यावरच्या बायका पट्ट्यावरून जातायत आणि जाता जाता त्यांच्याकडे माना वळवतायत. "नाण्यांच्या माना कशा वळतील, बाबा?" मी चिडून विचारायची. डॉक्टर म्हणाले, पोराचा धक्का आहे. पण खरं सांगते, टेबलावर नाणी पसरलेली असली की त्यांच्याकडे पाठ करून बसायला मलाही नको वाटायचं.

रविवारी चुकीवाल्याचा फोन आला. चुकीवाला म्हणजे नाण्यांचा दुकानदार. त्याच्याकडे सगळा चुकलेलाच माल. एका बाजूला सरकलेला ठसा, कडेला घास घेतलेली नाणी, दोनदा ठोका बसलेली. ते नाव मीच ठेवलंय, आणि त्याला ते आवडतं. "काका," तो म्हणाला, "तडा आहे. कानापासून हनुवटीपर्यंत."

बाबांनी शर्टाची बटणं चुकीची लावली. मी रस्त्यात थांबवून नीट लावून दिली.

दुकानात मखमलीच्या तुकड्यावर ते नाणं ठेवलेलं होतं. चेहरा वर, तडा स्पष्ट. चुकीवाल्यानं चिमट्यानं ते पालटलं. मागच्या बाजूलाही चेहरा होता, खोल गेलेला. पण पार पसरलेला. नाक फतकल मारून बसलेलं, डोळे कडेपर्यंत ताणलेले.

"शेवटाशेवटाचं आहे," तो खुशीत येऊन सांगत होता. "पहिली पहिली रेखीव येतात. अडकलेलं नाणं ठोके खाऊन चेपत जातं, तसा चेहरा पसरतो. एवढं पसरलेलं मी आयुष्यात पाहिलं नाही, काका."

मला बाकी काही ऐकू येत नव्हतं. नाणं अडकलं होतं. दादा सुटला. मला रडूच फुटलं. मी बाबांचा हात धरला, तर तो गार पडला होता.

बाबा नाण्यावर वाकले. मग हळूच डावीकडे सरकले. आतला चेहरा त्यांच्याबरोबर डावीकडे वळला. ते उजवीकडे सरकले. चेहरा उजवीकडे वळला.

"खोलगट चेहऱ्याचं असंच असतं," चुकीवाला हसला. "आपण हललो की तो वळतो, नाणं सरकलं तरी तो आपल्याकडेच बघतो. गिऱ्हाईकं यालाच भुलतात."

"मी बघितल्यात या," बाबा म्हणाले.

"स्वप्नात, बाबा."

"पट्ट्यावर."

बाबा माझ्याकडे न बघता बोलत होते. "पट्ट्यावर छापा-काटा मिसळून येतो. त्या दिवशी नुसते छापे येत होते. मी कड बघत होतो, ओरखडे बघत होतो. कड छान होती. काटा का येत नाही, हे डोक्यातच आलं नाही. चेहरे माझ्याकडे वळायला लागले, तेव्हा म्हटलं, डोळे दमलेत."

"हे तुम्ही धावल्यावर गेलेलं असेल ना!" माझा आवाज चढला.

"हे असेल. पण याच्या आधीची? पट्ट्यावरून नाणं माझ्यापर्यंत यायला श्वास रोखून धरता येईल एवढाच वेळ लागायचा. आमचं यंत्र जुनं, धापा टाकत चालायचं. त्यावर चेहरा एवढा पसरायला निवांत कपभर चहा पिऊन व्हावा एवढा वेळ लागतो." त्यांनी नाण्यावर बोट ठेवलं. "तेवढा वेळ ती माझ्यासमोरून जात होती. आणि मी चौकशीत छातीवर हात ठेवला."

चुकीवाल्याला यातलं फारसं कळलं नव्हतं. त्यानं कोरं कार्ड पुढं ओढलं. "काका, याची काही हकीकत असेल तर सांगा, खाली लावतो. हकीकत असली की लोक जास्त वेळ थांबून बघतात."

"लिहा," बाबा म्हणाले. "नाणं अडकलं होतं. यंत्रावरच्या मुलानं ओळखलं. तपासनिसाला ओळखता आलं नाही."

चुकीवाल्याचं पेन थांबलं. "चूक कुणाची, ते आम्ही लिहीत नाही हो."

"लिहा," बाबा पुन्हा म्हणाले, आणि तो लिहीपर्यंत तिथून हलले नाहीत.

बाहेर लख्ख ऊन होतं. चार पावलं टाकून बाबा एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. मी शेजारी बसले. काहीतरी बोलावं म्हणून म्हटलं, "दादावरचा बट्टा तरी गेला, बाबा."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "तपासनिसाच्या टेबलावर घंटा असते. खराब नाणं दिसलं की मी ती वाजवायची आणि मगच यंत्रावरच्या माणसानं यंत्र थांबवायचं, असा नियम. तुझा दादा नवीन होता तेव्हा दोनदा घंटेआधीच थांबवलं होतं त्यानं. यंत्राचा आवाज बदललाय म्हणाला. आवाज काहीही बदललेला नव्हता. सगळ्यांसमोर झापलं मी त्याला. म्हटलं, डोळे माझे आहेत, तू घंटेची वाट बघ."

समोरून एक बाई सामानाची पिशवी घेऊन गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत बाबा तिच्याकडे बघत राहिले.

"त्या दिवशीही त्याला आवाजावरून आधीच कळलं असेल गं," ते म्हणाले. "तो घंटेसाठी माझ्याकडे बघत थांबला असेल का?"

डॉक्टरांनी सांगितलं होतं, यांना धीर देत जा. इतकी वर्षं मी तेच करत आले होते. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"हो, बाबा," मी म्हणाले. "थांबला असेल."