पोटूळ, सन १९५०

गिरीशच्या मनातून एखादा माणूस उतरला की तो त्याच्याशी जास्तच गोड बोलायला लागायचा. ही त्याची खोड ऑफिसात कुणाला ठाऊक नव्हती. म्हणून गुरुप्रसादला वाटत होतं की त्या ऑगस्टात जे झालं ते हा विसरला. विसरतोय कसला. दीड वर्ष तो ते उशाशी घेऊन झोपत होता.

दोह्यातल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत गिरीश ड्राफ्ट्समन होता आणि गुरुप्रसाद त्याचा साहेब. दोघांना एकच वेड, छोट्या आगगाड्यांचं. साहेब पुण्याचा, फॅमिली स्टेटसवाला, म्हणजे बायकोला सोबत ठेवायची परवानगी असलेला. अबू हमूरच्या बाजूला, तेव्हा तिकडे फारशी वस्तीही नव्हती, त्याचा ऐसपैस व्हिला होता. गिरीश औरंगाबादचा, कंपनीच्या क्वार्टरमध्ये प्रताप नावाच्या फोरमनबरोबर एका खोलीत राहायचा. दोन खाटा आणि एक स्टोव्ह मांडला की त्या खोलीत उभं राहायलाही जागा उरत नसे. त्यामुळे १९७९ साली साहेब जेव्हा म्हणाला, "माझी मागची खोली रिकामीच पडलीय, तिथे टेबल टाकू, दोघं मिळून करू," तेव्हा गिरीशला आभाळ ठेंगणं झालं.

या छंदात पहिल्यांदा साल ठरवावं लागतं. कुठलं स्टेशन, कुठली इंजिनं, हे सगळं नंतर. कारण रेल्वे कंपन्या एकमेकींत विलीन होतात आणि विलीन झाल्या की इंजिनांचे रंग, डब्यांवरची अक्षरं, फलाटावरच्या पाट्या, हमालाच्या दंडावरचा बिल्ला, सगळं बदलतं. एक बिल्ला चुकला की अख्खं टेबल खोटं पडतं. शुक्रवारी एकत्र जमणाऱ्या त्यांच्या मंडळात एक अमेरिकन होता. तिकडे दोन कंपन्या एक झाल्याचं मासिकात वाचलं की हा गडी रजा टाकून डबे रंगवायला बसायचा.

गिरीशला साल ठरवायला अर्धं मिनिटही लागलं नाही. त्याचे वडील निझामाच्या रेल्वेत पोटूळचे स्टेशनमास्तर होते. लासूर आणि दौलताबादच्या मधलं ते एवढंसं मीटरगेज स्टेशन. १९५१ साली निझामाची रेल्वे मध्य रेल्वेत विलीन झाली आणि वडिलांना टोपीवर लावायला नवा बिल्ला मिळाला. नोकरी होती, त्यांनी तो लावला. पण घरात त्या नव्या रेल्वेचं नाव त्यांनी कधी तोंडातून काढलं नाही. 'आमची रेल्वे' आणि 'त्यांची रेल्वे', एवढेच दोन शब्द. मुलगा कतारात बसून पोटूळ बांधतोय म्हटल्यावर म्हातारा खुलला. पत्रांतून नकाशे यायला लागले. तिकिटाची खिडकी पूर्वेला. पाण्याच्या टाकीचा एक पाय जरासा बसका. पाटीवर उर्दू वर, मराठी खाली. आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच ओळ असायची, १९५० च्या पुढे जाऊ नकोस.

तीन वर्षं गिरीशने सगळे शुक्रवार त्या खोलीत घातले. पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्यांचं स्टेशन, पोस्टकार्डं कापून एकेक कौल. रुळांखालच्या खडीसाठी समैस्माच्या किनाऱ्यावरची वाळू आणून चहाच्या गाळणीने चाळली. गुरुप्रसाद खुर्चीत बसून सूचना करायचा आणि पाहुणे आले की "माझं लेआउट" म्हणायचा. तेही गिरीशने चालवून घेतलं. शैलजावहिनी, म्हणजे साहेबाची बायको, दुपारी हाक मारून वरणभात वाढायच्या, तो जेवायचा आणि परत कामाला लागायचा.

१९८२ च्या जुलैत तार आली. गिरीश घरी गेला. वडील गेले, दिवस झाले, आणि ऑगस्टच्या शेवटी तो परत आला. पहिल्याच शुक्रवारी मागच्या खोलीत पाऊल टाकलं तर पोटूळ जागेवर नव्हतं. करवतीने टेबलाचा तेवढा तुकडा कापून काढला होता आणि तिथे ब्रॉडगेजचे चकचकीत दुहेरी रूळ टाकले होते.

"वडिलांचं कळलं, वाईट झालं," गुरुप्रसाद म्हणाला, आणि त्याच दमात पुढे, "हे कसं वाटतं बघ. अरे, एक्कावन्न साली मर्जर झालंच ना? निझामाची रेल्वे खलास. आपण कशाला मागे राहायचं? सगळं ब्रॉडगेज करून टाकलं. एक्झिबिशनला भारदस्त दिसतं. तुझं स्टेशन गच्चीवर ठेवलंय, नीट सांभाळून."

कतारातल्या ऑगस्टात गच्चीवर. गिरीश वर गेला तेव्हा डिंक वितळून कौलं घसरली होती, भिंती वाकल्या होत्या आणि पाटीवरची उर्दू अक्षरं पोपडे होऊन उडून गेली होती. त्याने ते सगळं एका खोक्यात भरलं, खाली आला आणि म्हणाला, "छान झालंय साहेब. भारदस्तच." आणि मनात खूणगाठ बांधली की या माणसाला चार लोकांत असं तोंडघशी पाडायचं की पुन्हा त्याने गाडीच्या खेळण्याकडेही बघता कामा नये.

आता नुसतं भांडून उपयोग नव्हता. व्हिसा त्याच कंपनीचा, सही त्याच साहेबाची. शिवाय भांडणाने गुरुप्रसादचं काय जाणार होतं? त्याला अब्रूची हौस होती, घाव तिथेच घालायला हवा होता. गिरीश शुक्रवारी येत राहिला, रूळ जोडत राहिला, हसत राहिला आणि वाट बघत राहिला.

संधी साहेबाने स्वतःच ताटात वाढली. १९८४ च्या जानेवारीत मंडळाचं मोठं प्रदर्शन ठरलं. त्यासाठी गुरुप्रसादने मनमाड करायचं ठरवलं, कारण तिथे ब्रॉडगेज आणि निझामाची मीटरगेज समोरासमोर यायच्या. विलीनीकरणाच्या आधीचं अर्धं टेबल आणि नंतरचं अर्धं. कल्पना चांगली होती, हे गिरीशलाही कबूल करावं लागलं आणि त्यामुळे तो आणखीच जळला.

"मर्जरनंतर मीटरगेजच्या इंजिनावर काय यायचं रे?" गुरुप्रसादने विचारलं. "साउथ सेंट्रलच ना? मी सत्तर साली वेरूळला गेलो होतो तेव्हा तेच होतं, मला पक्कं आठवतं."

पक्कं आठवत होतं ते खरंच होतं. पण दक्षिण मध्य रेल्वे निघाली १९६६ साली. त्याच्या आधीची पंधरा वर्षं ती लाइन मध्य रेल्वेत होती. पुण्याच्या ब्रॉडगेजवाल्याला हे कुठून माहीत असणार? हे माहीत असायला त्या लाइनवर जन्म घ्यावा लागतो.

"हो साहेब," गिरीश म्हणाला. "साउथ सेंट्रलच."

शैलजावहिनी तिथेच टेबलाच्या कोपऱ्यावर पाट्या लिहायला बसल्या होत्या. त्यांचं अक्षर देखणं होतं. दोह्यातल्या मराठी मंडळींकडे सत्यनारायण असो की बारसं, आमंत्रणं लिहायला त्यांनाच बोलावत. त्यांनी ब्रश उचलून धरला.

"भावजी, नक्की ना? शाईने लिहितेय. खोडता येणार नाही."

वडील गेल्यावर त्या घरात एकट्या वहिनींनीच त्याला समोर बसवून विचारलं होतं, शेवटी काय झालं, काय म्हणाले. गिरीशला ते आठवलं. आठवलं आणि त्याने ते बाजूला सारलं.

"नक्की, वहिनी."

मग तो सहा इंजिनांवर, एकेका केसाच्या ब्रशने, स्वतः 'द. म.' ही अक्षरं काढत बसला. इतकं सुबक काम त्याने पोटूळसाठीही केलं नव्हतं.

प्रमुख पाहुणाही त्यानेच सुचवला. शफीकसाहेब म्हणून सिकंदराबादच्या कंट्रोल ऑफिसात आयुष्य काढलेले गृहस्थ मुलाकडे दोह्याला राहायला आले होते. सत्तरी उलटलेली, पण डोकं तल्लख. निझामाच्या रेल्वेतला खरा माणूस उद्घाटनाला मिळतोय म्हटल्यावर गुरुप्रसादने गिरीशची पाठ थोपटली. "कमाल केलीस. यल्ला, चल, गाडी पाठवू त्यांना."

आरशासमोर उभं राहून गिरीशने एक वाक्य घोटून ठेवलं होतं. साहेब अडचणीत आला की गिरीशचंच नाव घेणार, हे ठरलेलं. तेव्हा शांतपणे म्हणायचं, "मी असं कधीच सांगितलं नाही साहेब." बस. एवढ्याने गुरुप्रसाद अडाणीही ठरणार होता आणि खोटाही.

प्रदर्शनाच्या सकाळी हॉल भरलेला होता. मंडळातले इंग्रज होते, तो अमेरिकन होता, निम्मा मराठी दोहा होता. शफीकसाहेब काठी टेकत टेबलाशी आले. अर्ध्या टेबलापर्यंत मान डोलावत गेले. जुनी इंजिनं बघून त्यांचे डोळे भरून आले. मग पुढच्या अर्ध्यापाशी थांबले. चष्मा पुसला. पाटी मोठ्याने वाचली. 'सन १९५१. निझाम स्टेट रेल्वेचे विलीनीकरण. नवे नाव, दक्षिण मध्य रेल्वे.'

"ये क्या लिखे मियाँ?" ते म्हणाले. "साउथ सेंट्रल तो छियासठ में बनी. मैं पंद्रह साल सेंट्रल की टोपी पहना, वो क्या ख्वाब में पहना?"

हॉल हसला. एकाने इंग्रजांना अर्थ सांगितला, मग तेही हसले. अमेरिकनाने वाकून इंजिनं मोजली आणि सहाच्या सहा चुकीची असल्याचं जाहीर केलं. गिरीशच्या छातीत गारेगार वाटलं. दीड वर्षात पहिल्यांदा त्याला पोटभर श्वास घेता आला. गुरुप्रसादचा चेहरा उतरत चाललेला तो चवीने बघत होता.

तेवढ्यात मागून कुणीतरी बाई म्हणाली, "पाटी कुणी लिहिली? शैलजाने ना? लिहिताना जरा विचारायचं तरी कुणाला." आणि दुसरी हसली.

शैलजावहिनी पाटीशेजारीच उभ्या होत्या. मान वळवून त्या फक्त गिरीशकडे बघत राहिल्या. गुरुप्रसादनेही आधी गिरीशकडे बघितलं, आणि त्याला सगळं कळलं. ते कळलेलं त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसलं. गिरीशने आपलं वाक्य जिभेच्या टोकावर आणून ठेवलं.

पण गुरुप्रसादची नजर तिथे थांबली नाही, बायकोकडे गेली.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. आवाज जरा बसलेला होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "साल मी सांगितलं, नावही मीच सांगितलं. हिने फक्त लिहिलं. तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका."

शफीकसाहेबांनी काठी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताने गुरुप्रसादचा खांदा दाबला. "सबके सामने बोले, बहोत बड़ी बात है साहब." कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. हा माणूस बायकोसाठी मनापासून बोलला की नेहमीसारखी सभा जिंकून गेला, ते गिरीशला तेव्हाही कळलं नाही आणि पुढेही कधी कळलं नाही. त्याला एवढंच कळलं की आपलं घोटलेलं वाक्य आता कुणालाच नकोय. त्या क्षणी त्याला गुरुप्रसादचा जेवढा राग आला, तेवढा गच्चीवरही आला नव्हता.

"अभी दुरुस्त कर लो ना," शफीकसाहेब म्हणाले. "मैं बैठता हूँ. जल्दी क्या है."

शैलजावहिनींनी पाटी काढली, उलटी केली आणि तिची कोरी बाजू गिरीशच्या पुढ्यात ठेवली. शेजारी शाईची बाटली आणि ब्रश.

"आता तुम्हीच लिहा, भावजी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "खरं काय ते तुम्हाला ठाऊक आहे."

लोक बघत होते. गुरुप्रसाद बघत होता. गिरीश खुर्चीत बसला. ड्राफ्ट्समनचा हात, अक्षर चुकलं नाही. वडिलांनी जे नाव मरेपर्यंत घरात उच्चारलं नाही, ते त्याने त्यांच्या रेल्वेपुढे मोठ्या, ठसठशीत अक्षरांत लिहिलं, मध्य रेल्वे, आणि खाली साल घातलं, १९५१.