पिकअप कमी पडते

मल्हारी पगारे यांच्याकडे चारचाकी नाही, कधी नव्हती. सातपूरच्या एका कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलं. आधी सायकलवर जायचे, नंतर स्कूटरवर. निवृत्त झाल्यावर ते 'चारचाकी चर्चा' या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये शिरले आणि तिथे त्यांना नवनाथ सापडला. पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाउसवर तो ड्रायव्हर आहे. दोघं कधी भेटले नव्हते, पण रोज सकाळी भांडायचे.

"पप्पा, एखाद्या गाड्यांच्या कंपनीचे शेअर घेतलेत का?" मुलगी स्नेहाने एकदा विचारलं.

"नाही."

"मग एवढं कशासाठी भांडताय?"

"तो चुकीचं लिहितोय म्हणून."

फेब्रुवारीत नवनाथने लिहिलं, 'इलेक्ट्रिक पिकअप घाटात कमी पडते.' मल्हारींनी उत्तर दिलं की इलेक्ट्रिक मोटार पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर देते. सोबत तीन आलेख जोडले. नवनाथचं एकच, 'कमी पडते.' अकराव्या दिवशी मल्हारींनी लिहिलं, 'पिकअप पुल्लिंगी आहे. कमी पडतो. आधी व्याकरण शिका, मग मोटार.' आठ जणांनी हसण्याची चिन्हं टाकली. नवनाथ ग्रुप सोडून गेला.

चार दिवस मल्हारी फोन उघडत आणि ठेवून देत.

"भांडायला कोणी उरलं नाही, म्हणून माझ्या भाजीत मीठ मोजताय," पत्नी चांगुणाबाई म्हणाल्या.

पाचव्या सकाळी त्या गॅलरीतून ओरडल्या, "अहो, कांद्याची पिकअप आली. पिशवी घेऊन खाली जा."

मल्हारी जागीच थांबले. "काय आली?"

"पिकअप."

"आली?"

"आली नाहीतर काय, आला?"

ते खाली गेले नाहीत. नवनाथचा सगळा मजकूर पहिल्यापासून वाचला आणि त्याला फोन लावला.

"जय भीम. मल्हारी पगारे बोलतोय."

"जय भीम. कोण, व्याकरणवाले काका?"

"नवनाथराव, तुम्ही गाडीबद्दल लिहीत होता. माल वाहायच्या पिकअपबद्दल."

"मग? दुसरी कोणती पिकअप असती?"

"मी गाडी किती झटकन वेग घेते, त्या पिकअपबद्दल लिहीत होतो."

"अकरा दिवस?"

"अकरा दिवस. व्याकरण तुमचं बरोबर होतं."

नवनाथ हसला नाही. "काका, लय लागलं मला. दहावी नापास हाये मी. मालकानंबी वाचलं ते."

"ग्रुपवर माफी लिहितो. माझ्या नावाने, तुमच्या नावासकट. परत या."

"नाय, राहू द्या आता."

"बरं. पण कमी पडते कशी, तेवढं सांगा. तुमचा माल मुंबईला जातो. कसारा घाट तुम्ही भरलेल्या गाडीने उतरता. उतरताना बॅटरी उलट थोडी भरते. चढताना गाडी रिकामी."

"रिकामी कोण आणतं? येताना पुठ्ठ्याची खोकी भरून आणतो!"

"पुठ्ठा हलका असतो."

"हलका? कधी गठ्ठा उचललाय का, काका?"

"नाही."

"थांबा. असं फोनवर नाय. ग्रुपची लिंक पाठवा, सगळ्यांसमोर सांगतो."

मल्हारींनी आधी माफी लिहिली, दोनदा तपासली, मग लिंक पाठवली. पाच मिनिटांत खाली उत्तर उमटलं, 'माफी पोचली. आता खोक्यांचं वजन ऐका.'