मावळतीकडं तोंड

"प्रेमानंद, गाडी जरा फिरवून लावता का?" कौसर म्हणाली.

नव्या ड्रायव्हरनं आरशातून मागे पाहिलं. एसटी त्यानं लिंबाच्या सावलीत छान उभी केली होती, तोंड दक्षिणेला. लोणारच्या पुढचं हे शेवटचं खेडं. उतारू केव्हाच आपापल्या वाटेला लागले होते आणि परत निघायला अजून वेळ होता.

"काऊन?"

"मले नमाज पढायची हाय. सीटांमधल्या वाटेचं तोंड मावळतीकडं पाह्यजे."

प्रेमानंद माणूस वाईट नव्हता. पण हल्ली कुणाच्या खिशातून मोबाईल कधी निघेल याचा नेम नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. "ताई, कोनी व्हिडिओ काढला तं माही नोकरी जाईन. तुमचीबी." एवढं बोलून तो चहाच्या टपरीकडे गेला.

'काऊन' हे आधीचे ड्रायव्हर निवृत्तीदादांनीही विचारलं होतं, पण त्याचा सूर वेगळा होता. नवरा गेल्यावर कौसर त्याच्या जागी एसटीत कंडक्टर म्हणून लागली, तेव्हाची गोष्ट. मागच्या सीटवर वाकडी बसून ती कशीबशी असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची, नमाज उरकायची. ते एक दिवस त्यांनी पाहिलं.

"मशीद तं हे काय, समोरच हाय. मंग तुमी गाडीत काऊन?"

"बाया घरीच पढतात, दादा. तिथं बायांले जागा नाही."

"पन तुमी आता घरी कुठं हा?"

कौसर तिकिटांची पेटी आवरू लागली. मग निवृत्तीदादाच ओशाळून हसले. "आमच्या मारोतीले तरी कुठं बाया हात लावतात! माही रुखमा जन्मभर पायरीखालूनच तेल देऊन राह्यली."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गाडी मावळतीकडं तोंड करून लावायला सुरुवात केली. समोरून ऊन डोळ्यांत घुसायचं, पत्रा तापायचा. शेजारी लिंब असून हा माणूस गाडी उन्हात का तळतो, असं पारावरची माणसं चिडवायची. "बॅटरी उतरेल हाय बे, धक्का द्याले उतार तिकडंच हाय," असं ठोकून देऊन ते गाडीकडे पाठ करून चहा प्यायचे. बॅटरी चांगली ठणठणीत होती. नमाज आटोपली की कौसर दार वाजवायची, मग ते यायचे. यापलीकडे दोघांत त्याबद्दल कधी बोलणं झालं नाही.

गेल्या आठवड्यात निवृत्तीदादा घरी जेवता जेवता गेले.

कौसर पोचली तेव्हा तिरडी बांधून झाली होती. पुरुष निघाले, बाया अंगणात राहिल्या. ती त्यांच्यातच बसली. इथं तरी ती वेगळी नव्हती. रुखमाबाईंनी तिचा हात घट्ट धरला.

"ते मले सांगत, कौसर लय मनापासून मागते म्हनून. आता त्यायच्यासाठी माग व माय. तुह्या देवाले सांग, त्यायले चांगल्या ठिकानी ठेव म्हना. मागशीन ना?"

"हाव," कौसर म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

पण मन खाऊ लागलं. मोहल्ल्यातल्या मौलानांना तिनं विचारलं, म्हणजे त्यांच्या बायकोला विचारलं. ती आतल्या खोलीत गेली आणि पडद्याआडून जबाब आला. मौलाना निवृत्तीदादांच्या गाडीतून कितीदा फिरलेले. त्यांचा आवाज जड झाला होता.

"भला आदमी था, बेटी. मगर जो ईमान पर नहीं गया, मुसलमान नहीं था, उसके वास्ते बख्शिश की, गुनाहों की माफी की दुआ नहीं मांग सकते. घरवालों के वास्ते सबर मांगो."

मौलानांचा तिला राग आला नाही. जे होतं ते त्यांनी सांगितलं होतं. राग आला तो आपल्याच 'हाव'चा.

आता समोरच्या मशिदीतून असरची अजान झाली. कौसरनं गाडीच्या पायरीवर बसून बाटलीतल्या पाण्यानं हात-तोंड-पाय धुऊन वजू केलं. मग ओढणी नीट घेतली, नमाजेची चटई, जानमाज, काढली आणि खाली उतरली. गाडीची सावली पूर्वेच्या बाजूला पडली होती. तिथं तिनं मातीतच जानमाज अंथरली. पारावरची माणसं वळून पाहू लागली. तरी ती नमाजेला उभी राहिली. सजद्यात कपाळ टेकलं तेव्हा समोर गाडीचं चाक होतं.

नमाज झाली. तिनं हात उचलले.

रुखमाबाईंचा शब्द ओठांवर आला, पाठोपाठ मौलानांचा. दोन्ही शब्द तिला मोडायचे नव्हते. डोळे भरून आले. तिनं घरवाल्यांसाठी सबर मागितलं. हात मात्र खाली येईनात. मागू नको, असं मौलाना म्हणाले होते. सांगू नको, असं कुणी म्हटलं नव्हतं.

"या अल्ला," ती पुटपुटली, "निवृत्तीदादा रोज गाडी मावळतीकडं लावत."

उघडे हात तसेच राहिले. मग प्रेमानंदनं हॉर्न दिला. तिनं गुडघ्यांची माती झटकली, गाडीत चढून दार ओढून घेतलं आणि डबल बेल दिली.