भिंतीचा नेम

“ताई, सकाळी देवाआधी भिंत. तेवढं पुसून टाकायचं आणि विसरून जायचं.”

दुकानाच्या किल्ल्या हातात देताना गुरुनाथनं सांगितलेलं हे वाक्य शैलाच्या मनात दोन वर्षं पक्कं बसलं होतं. सांगणारा मानलेला भाऊ. ह्यूस्टनला आल्यापासून प्रत्येक भाऊबीजेला तिनं त्यालाच ओवाळलं होतं. त्याला का म्हणून कोण विचारणार?

त्यात शैलाचा स्वभाव नेमाचा. चातुर्मासात तेहतीस गोपद्मं काढल्याशिवाय ती पाणीही प्यायची नाही. त्या नेमात भिंतीची भर पडली. शुगर लँडच्या घरून वीस मिनिटं ड्राइव्ह करून दुकानी यायचं, मागच्या भिंतीवर रात्रीतून उमटलेले मुकुट, बाण, आकडे पांढऱ्या रंगाखाली घालायचे, मग हात धुऊन उदबत्ती. टवाळ पोरांचं काम आहे, असं गुरुनाथ म्हणाला होता. एखादा मुकुट इतका सुबक असायचा, की त्यावरून ब्रश फिरवणं तिच्या जिवावर यायचं.

शेजारचा गाळा रिकामा होता. दोन्ही गाळे गुरुनाथचेच. नागपूरची राधिका तिथं लहान मुलींचा डान्स क्लास काढणार होती. एरिया कसा आहे काकू, असं तिनं विचारलं, तेव्हा शैलानं कौतुकानं ती पांढरी भिंतच दाखवली. वर शब्दही दिला, काही कमीजास्त कळलं तर आधी तुला सांगेन.

ऑगस्टातल्या एका सोमवारी भिंतीवर शैलाच्याच दुकानाचं नाव होतं, लाल रेघ मारून खोडलेलं. तिनं ब्रश खाली ठेवला आणि पोलिसांना फोन केला.

आलेला अधिकारी पोथी वाचावी तसा भिंत वाचत गेला. मुकुट एका टोळीचा. बाण म्हणजे इथून पुढं आमची हद्द. त्यांची खूण पुसणं म्हणजे त्यांना आव्हान देणं. नाव लिहून खोडलं, की ती त्या माणसाला ताकीद. पुसण्याआधी आम्हाला कळवा, हे मालकाला तीन वर्षांपूर्वीच समजावलं होतं, असंही तो म्हणाला.

 शैलानं गुरुनाथला फोन लावला. त्यानं काही नाकारलं नाही. रंगलेली भिंत बघून भाडेकरू पळतात, एवढंच म्हणाला.

“मग मला का नाही सांगितलंत, दादा?”

“सांगितलं असतं तर ब्रश हातात धरला असतात का, ताई? तुमचा नेम चुकत नाही, म्हणून तर तुम्हाला सांगितलं.”

ते त्यानं अगदी मायेनं म्हटलं. तिनं फोन ठेवला. दोन वर्षं रोज देवाआधी ती टोळीला आव्हान देत आली होती.

तिचा नवरा अतुल ऑफिसातून धावत आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मग हळूच समजावलं, की आपली लीज गुरुनाथच्या हातात आहे, आपण दुसरी जागा बघू, पण तोवर गप्प राहू. राधिकाच्या लीजच्या सह्या आज चार वाजता आहेत, तिचं ती बघेल.

 घड्याळात दोन वाजले होते. शैलानं दारावरची पाटी ‘क्लोज्ड’कडे फिरवली, अतुलच्या हातातून गाडीची किल्ली घेतली आणि राधिकाच्या घराकडे निघाली.