पाठीचं रक्त, गाठीचं रक्त

“निघाली! निघाली!” टायरच्या जुन्या गोदामात एकच गिल्ला झाला. गाठकाढे बाबांनी एका म्हाताऱ्याच्या पोटात बोटं खुपसून रक्ताने माखलेला मांसाचा गोळा वर धरला होता. आणि पोटावर साधा ओरखडाही नाही! बायका रडल्या, पुरुषांनी हात जोडले. बाबांनी गोळा पेटत्या पिंपात टाकला, चर्रकन आवाज झाला आणि पुढचा नंबर मिळवण्यासाठी भाविकांनी एकमेकांच्या कॉलरी धरल्या.

धाकटी भिंतीला टेकून उभी होती. ती हॉस्पिटलात गाठी तपासणारी डॉक्टर. तिच्या ताईच्या छातीत कर्करोगाची गाठ होती, ऑपरेशनची तारीख ठरली होती, आणि भावजी ताईला घेऊन आले होते ते इथे. “ती गाठ मला डोळ्यांनी दाखव, मग शहाणपण शिकव,” असं त्यांनी फोनवर सुनावलं होतं. म्हणून धाकटी सूक्ष्मदर्शकाची पेटीच घेऊन आली होती. पण पेटी उघडायच्या आधीच ताईचा नंबर लागला.

“रोग म्हणजे चिवट पाहुणा!” बाबा गरजले. “चहा दिलात तर मुक्काम ठोकतो. जोड्याने हाणला, तरच उठतो!”

लोक खो खो हसले. भावजींनी ताईचे दोन्ही हात पुढून घट्ट धरले आणि बाबांच्या चेल्याने पट्टा उगारला.

पहिल्या फटक्याला ताई किंचाळली. मग अंगातला कपडा फाटला, पाठ फुटली, रक्त वाहायला लागलं. भावजींनी डोळे मिटून घेतले होते, पण पकड काही सोडली नाही. “थांबा! मरेल ती!” म्हणत धाकटी मध्ये घुसली, तर पुढचा फटका तिच्याच तोंडावर बसला. ओठ चिरला. असा संताप तिला जन्मात आला नव्हता.

बाबांनी ओल्या टॉवेलने हात पुसले, ताईच्या छातीवर बोटं रुतवली. रक्ताचा ओघळ आला, मागोमाग गोळा. बाबा तो घेऊन पिंपाकडे वळले तोच धाकटीने झडप घालून हिसकावून घेतला.

मग काय विचारता! सगळी भक्ती तिच्यावर तुटून पडली. कुणी केस उपटले, कुणी बरगडीत लाथ घातली. चेल्याने तिची करंगळी मागे पिरगळली आणि ती कटकन मोडली. मूठ मात्र उघडली नाही.

“गाठ म्हणजे पाप! जाळू दे!” लोक ओरडले.

“भावजी!” धाकटी जमिनीवरूनच ओरडली. “डोळ्यांनी दाखव म्हणाला होतात ना? आता दाखवते!”

भावजींनी ताईला पोत्यावर बसवलं. “बाबा, बघू द्या की तिला. खरं असेल तर घाबरायचं कशाला?”

बाबांची पंचाईत झाली. नाही म्हणावं, तर भक्त बघताहेत. “बघ, बाई,” त्यांनी छाती फुगवली. “तुझ्या नळीत पाप मावतंय का बघ.”

धाकटीने खिडकीच्या उजेडात सूक्ष्मदर्शक मांडला. आधी तिने हॉस्पिटलातली काच लावली. “ही ताईची खरी गाठ. सुईने काढलेला तुकडा. काय दिसतं?”

“जांभळे ठिपके. वेडेवाकडे. एक एवढासा, तर एक केवढा!” नळीला डोळा लावून भावजी म्हणाले.

“तो ठिपका म्हणजे पेशीचं केंद्रक. त्यात सगळ्या सूचनांचा लांबच लांब धागा असतो. तुम्ही सूतगिरणीत बॉबिनवर सूत गुंडाळता ना? तसा तो प्रथिनांवर गुंडाळलेला असतो. धाग्याचा कुठला भाग उघडा ठेवायचा, कुठला मिटायचा, यात त्या प्रथिनांचा मोठा हात. ती बिघडली की ‘थांब’ ही सूचना गुंडाळीत गडप होऊ शकते आणि ‘वाढ’ ही उघडी पडते. मग पेशी वाढतच सुटते.”

“म्हणजे धागा चांगला, बॉबिन नासकी?”

“कधी धागा, कधी बॉबिन, पुष्कळदा दोन्ही. यात पाप कुठे आलं? आणि पट्टा मारून बॉबिन सरळ होते का, ते तुम्हीच सांगा.”

धाकटीने बाबांच्या गोळ्यावरचं रक्त काचेवर पसरलं, रंगाचा थेंब टाकला. “आता?”

“लांबट पेशी आहेत. प्रत्येकीत ठिपका. सगळे एकसारखे.”

“त्या रक्तातल्या लाल पेशी.” मग तिने ताईच्या पाठीवरचं रक्त घेतलं, नंतर स्वतःच्या ओठाचं. रक्तासाठी सुई शोधावी लागली नाही, भक्तांनी सगळी सोय करून ठेवली होती. “आणि आता?”

“गोल. ठिपका नाही. हिच्यातही नाही, तुझ्यातही नाही.”

“माणसाची लाल पेशी रक्तात उतरण्याआधीच केंद्रक टाकून देते. कोंबडीची टाकत नाही. पाठीचं रक्त ताईचं आहे, भावजी. गाठीचं रक्त कोंबडीचं.”

“रोगाने रक्त बदलतं!” बाबा किंचाळले.

“मग पाठीचं का नाही बदललं? बाई एकच आहे ना?”

लोक एकेक करून नळीत डोकावले. मघाचा म्हातारा दोनदा डोकावला. “म्हणजे माझ्या पोटात कोंबडी होती?” त्याने विचारलं. कुणी हसलं नाही.

भावजींनी तो ओला टॉवेल झटकला. पातळ पापुद्र्यात बांधलेल्या पुड्या टपाटप पडल्या. आत कोंबडीचं काळीज आणि रक्त. टॉवेलातून पुडी मुठीत यायची, नख लागलं की फुटायची, आणि कुणी जवळून बघायच्या आत पिंपात जळायची. झाला चमत्कार!

मघाचीच माणसं, मघाच्याच लाथा. फक्त आता खाली बाबा होते. त्यांचे दोन दात पडले, नाकाचा चेंदा झाला. भावजींनी चेल्याच्या हातातला पट्टा ओढून घेतला आणि बाबांच्या पाठीवर असा हाणला की कातडं निघालं. दुसऱ्यांदा उगारला, तेव्हा ताईने उठून तो धरला.

“अहो, मला मारलं, तेव्हा गाठ हलली का?”

“नाही,” भावजी पुटपुटले.

“मग याला मारून हलेल?” तिने त्यांचा हात ओढून आपल्या छातीवर दाबला. “बघा. आहे तिथेच आहे.”

हाताखाली गाठ लागली. पट्टा गळून पडला आणि तो धिप्पाड माणूस लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला.

“गाठ अजून एकाच जागी आहे, पसरलेली नाही, निघेल,” धाकटी म्हणाली. “याचं पोलीस बघतील. तुम्ही गाडी काढा.”

ऑपरेशन झालं. गाठ निघाली, या वेळी खरोखर. छातीची जखम भरली. पाठीवरचे वळ अजून आहेत, आणि भावजींना ते रोज दिसतात. तेव्हा मंडळी, कुणी तुमच्यासमोर चमत्कार केला आणि लगेच तो जाळायला निघाला, तर हात जोडू नका. हात पुढे करा आणि म्हणा, “थांबा, आधी बघू द्या.”