नव्या कॅमेऱ्याचा हेवा

मित्रांनो, मी एक जुना, दोन डोळ्यांचा कॅमेरा आहे. वरच्या डोळ्याने बघायचे आणि खालच्याने फोटो घ्यायचा. १९४७ साली कामठीच्या छावणीतला गोरा साहेब मायदेशी निघाला, तेव्हा मधुकररावांनी मला घेऊन सीताबर्डीवरच्या आपल्या स्टुडिओत आणले.

माझ्या खालच्या भिंगाशी दोन चिमुकल्या खिट्ट्या आहेत. एकीने आतले छिद्र लहानमोठे होते. दुसरीने शटर किती वेळ उघडे राहायचे ते ठरते. उजेड कमी असला की छिद्र मोठे करायचे, नाहीतर वेळ वाढवायचा. हे मधुकररावांनीच पत्नीला, कौशल्याबाईंना, शिकवले. पण बाईंचा हात असा बसला की गिऱ्हाइके म्हणू लागली, "फोटो बाईंच्याच हातचा पाहिजे गा!"

मधुकररावांना ते झोंबले. त्यांनी झगमगत्या बल्बचा नवा कॅमेरा आणला, आणि त्याला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही असे बजावले. मी कपाटात गेलो. दाराच्या फटीतून मला दिसे, ते त्याला मखमलीने पुसत. माझ्या वाट्याला कधी जुन्या धोतराच्या फडक्यापलीकडे काही आले नव्हते. मी आतल्या आत जळत होतो. पडून पडून माझे तेलही घट्ट झाले.

एके दिवशी उमरेडचा विणकर श्रावण आला. त्याला म्हाताऱ्या आईचा, रुख्माबाईंचा, मागावर बसलेला फोटो हवा होता. माग दुसऱ्या दिवशी मोडायचा होता. दोघे नवरा-बायको उमरेडला गेले. कौशल्याबाईंनी मला गुपचूप पिशवीत घेतले होते.

घरात अंधार. मधुकररावांनी बल्ब लावला, तशी रुख्माबाईंनी पदर तोंडावर घेतला.

"बल्ब नका लावू जी. धंतोलीच्या दवाखान्यात आत्ताच डोळ्याचं आपरेशन झालं माह्यं."

बल्बशिवाय नवा कॅमेरा आंधळाच! त्याचे छिद्र लहान आणि शटर झटपट मिटणारे. मला इतका आनंद झाला की विचारू नका. कौशल्याबाईंनी मला स्टँडवर बसवले, छिद्र पूर्ण उघडले, वेळ एक सेकंद लावला आणि बटण दाबले. शटर अर्ध्यातच अडकले.

"पाहा, मेला तो!" मधुकरराव हसले. नवा कॅमेराही हसल्यासारखा चमकला.

कौशल्याबाईंनी जोर लावला नाही. हळूच शटर मोकळे केले, फिल्म पुढे सरकवली आणि वेळेची खिट्टी 'बी' या खुणेवर नेली. तिथे बटण बोटाने दाबून धरले असेल तोवर शटर उघडे राहते. वेळ त्यांनी स्वतःच मोजायचा.

"माय, हात मागाच्या धोट्यावर ठेवा. हलू नका बरं."

त्यांनी श्वास रोखला. मीही रोखला. मग त्यांनी बोट उचलले आणि शटर नीट मिटले.

तो फोटो स्टुडिओच्या काचेत लागला. पहिलेच गिऱ्हाईक म्हणाले, "वा! नव्या कॅमेऱ्याची कमाल हाय!" मधुकररावांनी त्याची चूक सुधारली नाही, मान खाली घालून पावती लिहायला घेतली.

तेवढ्यात आतून कौशल्याबाई म्हणाल्या, "नव्यानं नाही. जुन्यानं काढला, अन् म्या काढला."

मधुकररावांनी काचेतला फोटो काढून हातात घेतला. मग बोलले, "खरं हाय. इच्याच हातचा हाय तो." दुसऱ्या दिवशी त्यांनी मला साफ करायला पाठवले.

आता मी नव्याच्या शेजारी बसतो. त्याला मखमलीने पुसले की मला अजूनही झोंबते. पण मित्रांनो, जुन्या यंत्राची खिट्टी अडली तर ती जोराने ओढू नका, यंत्र अधूनमधून चालवत राहा. आणि चांगले काम ज्याने केले, त्याचे नाव घेताना तोंड मिटू नका. ते फार लागते.